सात पाण्यांनी धुतलेली वाळू

मला घाण दिसली की माझं डोकं फिरतं. हा काही मोठेपणा नाही. उलट या खोडीपायी मी एकदा चार पोरांच्या तीन महिन्यांच्या कष्टांवर पाणी फिरवलं, म्हणून आधीच कबूल करून टाकते. माझ्या बालवाडीत शेंबडं नाक घेऊन पोर आत आलेलं मला चालायचं नाही. आईला तिथल्या तिथं बोलावून घ्यायची. "आवं बाई, खेळताना व्हतंयच की," असं एखादी म्हणाली, तर तिचीही मी बिनपाण्यानं करायची. गावात मला सगळे वचकून असायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

माहेर कवठे महांकाळकडचं, सासर वडूजच्या अलीकडचं एक गाव. दोन्हीकडं पाण्याच्या नावानं बोंब. आमची बौद्ध वस्ती गावाच्या कडेला. छप्पननंतर माझ्या आईनं घरातले देव बाहेर काढले आणि त्या दिवसापासून हातातला झाडू खाली ठेवला नाही, असं वडील थट्टेनं म्हणायचे. आई म्हणायची, "घर आसं ठिव, की कुनाला बोट ठिवायला जागा गावली न्हाई पायजे." चुलीची राख घेऊन ती पितळी इतकी घासायची की झिजतील का काय असं वाटावं. लहानपणी मला वाटायचं, हिला कामाचा सोस आहे. तिनं पूर्वी काय काय ऐकून घेतलं होतं, ते मला फार उशिरा कळलं. तोवर माझ्याही हाताला तीच सवय लागली होती.

आमच्या गावाला पाणी म्हणजे एक पाझर तलाव. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी खडी फोडून बांधलेला. पिढ्यान् पिढ्या आम्हाला पाणी सगळ्यांच्या शेवटी मिळालं, आणि तलाव झाला तो नेमका आमच्या वस्तीच्या उशाला. त्यात म्हशी डुंबायच्या, त्यातच धुणी, आणि उन्हाळ्यात विहिरी आटल्या की तेच पाणी फडक्यानं गाळून प्यायला. दर उन्हाळ्यात माझ्या बालवाडीतली निम्मी पोरं जुलाबानं घरी. मी फडकी दुहेरी करायला सांगायची, पाणी उकळायला सांगायची, भांडायची. पण सरपण कुठं होतं रोज पाणी उकळायला? ती चार पोरं गावात आली त्याच्या आदल्या उन्हाळ्यात बालवाडीतली एक पोरगी गेली. चार वर्षांची. तिच्याबद्दल मी जास्त लिहिणार नाही, माझ्याच्यानं होत नाही.

अशात एका सकाळी वडूजच्या एसटीतनं चार पोरं उतरली. तीन मुलगे आणि एक मुलगी. कराड-सांगली बाजूच्या एका इंजिनियरिंग कॉलेजातली, शेवटच्या वर्षाची. नव्वदनंतरची ती वर्षं. बरोबर मोजायची टेप, तिपाईवरची दुर्बीण. मला वाटलं रस्त्याची मोजणी आली. असे पुष्कळ बघितले होते, चार दिवस चुन्याच्या रेघा मारायचे आणि जायचे ते जायचेच. मी विचारलं, "काय रं, रस्ता का?"

तर ती पोरगी म्हणाली, "नाही बाई, पाणी."

त्यांचं म्हणणं ऐकून मला आधी हसूच आलं. वाळूतनं पाणी गाळायचं म्हणे. मोटार नको, वीज नको, औषध नको, गावानं आपलं आपण चालवायचं. वर्गातली बाकीची पोरं कागदावर नकाशे काढून पास होणार होती. या चौघांनी मात्र खरोखरचा हौद बांधायचं डोक्यात घेतलं होतं. मी म्हटलं, "वाळूतनं गाळून पाणी पिण्याजोगं झालं असतं, तर आमी काय येरळा नदीकाठची माणसं आजवर झोपलो व्हतो व्हय?" पोरगी चिडली नाही. म्हणाली, "बाई, तुम्ही म्हणता तीच वाळू. फक्त पाण्याला सावकाश जाऊ द्यायचं."

पोरगी सांगलीची. अंगानं काडी, आवाज मात्र खणखणीत. चौघांत शेवटचा शब्द तिचा. दुसरा तासगावकडचा, नुसता बांबू, बोलायला थेट आमच्यातला. त्याला पुण्यात नोकरी ठरल्यातच जमा होती, निकाल हातात पडायचीच खोटी. बाकीचे दोघं अबोल, एक चाळायचा, एक वाहायचा.

आणि काय राबली ती पोरं! मी खेड्यातली, मला राबणं काही नवं नाही. पण इंजिनियर होणारी पोरं राबताना मी पहिल्यांदाच बघत होते. येरळेची वाळू बैलगाडीनं आली, ती त्यांनी उन्हात उभं राहून तीन-तीन चाळण्यांतनं चाळली. हाताला फोड आले, फुटले, चिंध्या बांधल्या, परत चाळणी. शाळेच्या खोलीच्या उरलेल्या विटा ग्रामपंचायतीनं दिल्या, त्यांचा छातीइतका हौद आमच्या वस्तीच्या तोंडाला उभा राहिला. खाली दगड, वर खडी, वर मांडीइतकी वाळू, आणि वाळूवर हातभर पाणी कायम उभं. तळातनं एक नळ, त्याला करंगळीएवढी धार. पोरगी हौदाच्या कठड्यावर पालथी पडून पाण्यात डोळे घालून बसायची. ड्रेसला सिमेंट, केसात चुना. मी ओरडायची, "अगं, अवतार बघ तुझा!" ती म्हणायची, "अवतार धुता येतो बाई."

दुपारची भाकरी त्यांना माझ्याकडं. कुणी बोलावलं होतं म्हणून नाही. पहिल्या दिवशी ती झाडाखाली डबे उघडून बसली तर डब्यात वास मारणारी चपाती-भाजी. मी ते डबे काढूनच घेतले. तेव्हापासून ठरूनच गेलं. तो बांबू म्हणायचा, "बाई, ठेचा लय जाळ हाय, आजून घाला." पोरगी एकदा ताटात बघत म्हणाली, "बाई, तुमच्या ताटात मला माझा चेहरा दिसतोय." मी म्हटलं, "मग धुऊन ये की आधी."

त्यांची पाणी तपासायची तऱ्हा मला फार आवडली. काचेची लहान बाटली, आत कागदाची एक पट्टी. बाटलीत पाणी भरायचं, बूच लावायचं आणि दोन दिवस उबेला ठेवायचं. पाणी दूषित असेल तर काळं कुट्ट होतं. चांगलं असेल तर मूळचं फिकट तपकिरी तसंच राहतं. शिकलेला असो नाहीतर अंगठेबहाद्दर, काळं झालेलं कुणालाही दिसतं. पहिल्या आठवड्यात तलावाची बाटली काळी आणि हौदाचीही काळी. मी म्हटलं, झालं. पोरं मात्र हूं का चूं न करता दर आठवड्याला यायची, बाटल्या भरायची. महिना गेला, दीड महिना गेला, आणि एका सकाळी हौदाची बाटली जशी भरली तशीच राहिली. काळेपणाचा ठिपका नाही. मी ती बाटली हातात धरून उन्हात फिरवून फिरवून बघितली. मला त्या गेलेल्या पोरीची आठवण झाली आणि मी घरात जाऊन रडले.

त्या दिवशी पोरीनं मला हौदापाशी नेलं. वाळूवर शेवाळी रंगाचा एक बुळबुळीत थर धरला होता. दुधावर साय धरते तसा. म्हणाली, "बाई, ही साय आपली कामगार. डोळ्यांना दिसणार नाहीत असे जीव आहेत यात, तेच घाण खातात. वाळू नुसती निमित्त. ही साय मोडली की पाणी बिघडलं. पाणी फारच तुंबायला लागलं तर आम्ही येऊ आणि वरवर खरवडू. तुम्ही काही करायचं नाही." हे तिनं मला तीनदा सांगितलं. तीनदा. मी तीनदा मान हलवली. हौदावरच्या जाळीच्या झाकणाला कुलूप होतं, त्याची किल्ली माझ्या कनवटीला.

आता सरपंचांची अट ऐका. सरपंच माणूस वाईट नव्हता, चारी बाजूंनी सांभाळून घेणारा होता. चावडीपुढं बैठक बसली तेव्हा तो म्हणाला, "बाटल्या सगळ्या गावाम्होरं भरायच्या, गावाम्होरंच उघडायच्या. पानी पास झालं तर ह्या हौदाची पाइप वरच्या आळीपतुर नेऊ. फेल झालं तर ऱ्हाऊ द्या हितंच, जनावरांस्नी व्हईल."

बैठकीच्या मागच्या बाजूला वरच्या आळीतले एक रिटायर सुभेदार खुर्ची टाकून बसले होते. मिशी पिळत म्हणाले, "टेस पास म्हंजी पास, फेल म्हंजी फेल. पर सरपंच, तिकडनं पानी वर आणायचं म्हंजी नुसतं बाटलीचं काम न्हाई, येवढं ध्यानात ठिवा."

ते काय म्हणाले ते सगळ्यांना कळलं. आमच्या वस्तीच्या हौदातलं पाणी सगळ्या गावानं प्यायचं, आणि तेही माझ्या हातातल्या किल्लीनं सोडलेलं. पाणी पास झालं, तर त्यांना नाही म्हणायला तोंड उरणार नव्हतं. फेल झालं, तर वाळूला कोण नावं ठेवणार? नावं आम्हालाच ठेवली असती. मी घरी येऊन त्या दिवशी पातेलं घासता घासता त्याचा कान मोडला.

परीक्षेचा दिवस ठरला. बाहेरगावाहून परीक्षक साहेब येणार, त्यांच्याबरोबर पोरांचे सर येणार, गाव जमणार. दोन दिवस आधी ग्रामसेवक बाटल्या भरणार आणि पंचायतीच्या कपाटात कुलपात ठेवणार. पोरं म्हणाली, "भरताना आम्ही गावात असणार नाही. उद्या कुणी म्हणायला नको, पोरांनी काहीतरी केलं." हे त्यांचं मला फार पटलं. आठवडाभर ती तिकडं कॉलेजात तोंडी परीक्षेच्या तयारीला बसली.

आणि इकडं मी झाकण उघडून बघितलं. उन्हं वाढलेली, सायीवर हिरव्या शेवाळाचे पुंजके तरंगत होते, कठड्याच्या आतल्या बाजूनं चिकट तार धरली होती. साहेब येणार, सुभेदार येणार, वरच्या आळीच्या बायका डोकावणार, आणि त्यांना काय दिसणार? आमच्या वस्तीतलं गटार! साय, कामगार, दिसणार नाहीत असे जीव, सगळं मला पाठ होतं. बालवाडीतल्या पोरांना मी ते गोष्टीसारखं सांगितलंही होतं. पण पाहुणा दारात येणार आणि घरात बुळबुळ, हे माझ्या रक्तातच नाही. मनाला म्हटलं, वरवरचीच तर काढायची, आत मांडीइतकी वाळू आहेच की.

वस्तीतल्या तिघी जावा-नणंदा गोळा केल्या. पाणी सोडून दिलं, कोपरभर वाळू घमेल्यानं उपसून काढली आणि सात पाण्यांनी धुतली. शेवटचं पाणी आरशासारखं निघेपर्यंत मी कुणाला बसू दिलं नाही. हौदाच्या भिंती नारळाच्या शेंडीनं घासल्या. वाळू परत भरली, तलावाचं पाणी सोडलं, हौदापुढं सडा घातला, रांगोळी काढली. ती पांढरी शुभ्र वाळू पाण्याखाली अशी दिसत होती, की मी दिवसातनं चारदा झाकण उघडून बघितली. दुसऱ्या दिवशी ग्रामसेवकानं बाटल्या भरल्या. तो म्हणाला, "बाई, काय हौद ठेवलाय!" मी फुलून गेले.

परीक्षेच्या सकाळी चावडी भरलेली. परीक्षक साहेब चष्मा लावलेले, कमी बोलणारे. पोरांनी इस्त्रीचे कपडे घातले होते, पोरगी साडीत होती आणि तिला ती सावरत नव्हती. सरपंचानं कपाट उघडलं. तलावाची बाटली बाहेर काढली, काळी. लोक हसले, म्हणाले ते ठावं हाय. मग हौदाची काढली.

काळी. तलावाच्या बाटलीपेक्षा एक कणभर उजळ नाही.

मागनं सुभेदारांचा आवाज आला, "फेल. डिसमिस." आणि आणखी कुणीतरी हळूच म्हणालं, "तिकडचं पानी दुसरं काय निगनार हाय." ते हळू बोलणं मला अजून ऐकू येतं.

पोरगी तशीच हौदाकडं चालत सुटली. मी मागं. झाकण उघडून ती साडीसकट कठड्यावर पालथी पडली, पाण्यात हात घालून मूठभर वाळू काढली आणि तळव्यावर पसरून बघितली. मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, आता ही मला फाडून खाणार, आणि खावंच.

"मी धुतली," मी म्हटलं.

"किती?"

"कोपरभर."

"किती पाण्यांनी?"

"सात."

तिनं डोळे मिटून घेतले. मग म्हणाली, "बाई, आम्हीसुद्धा इतकी स्वच्छ धुतली नव्हती हो." आणि साडीचा बोंगा हातात धरून परत चावडीकडं निघाली.

परीक्षक साहेबांनी विचारलं, "काय कारण?" सगळ्या गावासमोर ती पोरगी ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "सर, चूक आमची आहे. वाळूवरचा थर काढायचा नाही, हे आम्ही इथं नीट समजावून दिलं नव्हतं. तो थर निघाला, म्हणून पाणी बिघडलं. हौदात दोष नाही, वस्तीतल्या कुणाचा नाही. आमचा आहे."

तीनदा सांगितलेलं, तीनदा! तो बांबू शेजारीच उभा होता, त्याच्या डोळ्यांदेखत सांगितलेलं. त्याची पुण्याची नोकरी त्या एका वाक्यावर लटकली होती. त्यानं तोंड उघडलं नाही. दोघं अबोल तर अबोलच. चौघं एका रांगेत खाली मान घालून उभे राहिले. साहेब म्हणाले, "चालवणाऱ्याला समजावणं हाही आराखड्याचाच भाग असतो. हे काम अपुरं आहे. पुन्हा सादर करा, पुढच्या सत्रात." म्हणजे सहा महिने गेले, आणि पास व्हायचं वर्षही हुकलं.

आणि मी? माझी एरवी कात्रीसारखी चालणारी जीभ टाळ्याला चिकटून बसली. मी बोलले असते तर 'त्यांच्या बाईनं हौदात हात घातला' एवढंच गावात उरलं असतं, पाइप कायमची गेली असती. हे कारण खरं आहे. पण माझी पाचावर धारण बसली होती, हेही तितकंच खरं आहे.

एसटीच्या फाट्यावर मी तिला गाठलं. "खोटं का बोललीस गं माझ्यासाठी? माझ्यामुळं तुमचं वर्ष गेलं."

ती म्हणाली, "खोटं नाही बाई. सांगणं वेगळं, समजावणं वेगळं. तीन महिने आम्ही तुमच्या घरी जेवलो. तुमची भांडी बघितली, तुमचं अंगण बघितलं. पाहुणे येणार म्हटल्यावर तुम्ही काय करणार, हे आम्हाला कळायला पाहिजे होतं. आम्ही हौद वाळूचा विचार करून बांधला, तुमचा विचारच केला नाही." आणि मग हसून म्हणाली, "पुढच्या वेळी तुमचा विचार करून बांधू."

वयानं माझ्या धाकट्या बहिणीहून लहान पोरगी. मी पुष्कळ शहाणी माणसं बघितली, पण आपल्या हातातलं वर्ष गेलेलं असताना समोरच्याची बाजू अशी समजून घेणारं माणूस मी तोवर बघितलं नव्हतं. एसटी गेली तरी मी फाट्यावर उभीच होते.

बांबूची नोकरी गेली. पत्र आलं म्हणे, जागा भरली. तरी पुढच्या महिन्यात तो चाळणी खांद्यावर टाकून हजर. मी तोंड लपवत होते, तर तो म्हणाला, "बाई, आता ठेचा बंद करता का काय?"

या खेपेला त्यांनी मोठ्या हौदाच्या आधी एक लहान हौद बांधला. त्यात नुसती मोठी खडी. तलावाचं पाणी आधी त्यात यायचं, जाडी घाण तिथंच बसायची, मग पुढं. त्यामुळं मोठ्या हौदात शेवाळ कमी. वर उन्ह लागू नये म्हणून पत्रा. आणि पोरगी मला म्हणाली, "हा लहान हौद दर आठवड्याला घासून काढायचा. खडी धुवायची, भिंती घासायच्या, किती पाण्यांनी ते तुम्ही ठरवा. इथं तुमच्याइतकं चांगलं काम कुणी करणार नाही. मोठ्याची साय मात्र माझी." मला हसू फुटलं आणि डोळेही भरले. माझी खोड तिनं मोडली नाही, तिला कामाला लावलं. मी दर सोमवारी तो हौद असा घासायची, की वस्तीतल्या पोरी म्हणायच्या, बाई, आता तळ फुटंल.

साय परत धरायला आठवडे गेले. मी रोज झाकणाच्या फटीतनं बघायची आणि हात मागं बांधून उभी राहायची. शपथेवर सांगते, ते हात मागं बांधणं माझ्या जन्मातलं सगळ्यांत अवघड काम होतं.

पुन्हा तोच दिवस. चावडी भरली, तेच साहेब, तोच चष्मा, मागं खुर्चीवर सुभेदार. ग्रामसेवकानं दोन दिवसांपूर्वी भरलेल्या बाटल्या कपाटात. सरपंच किल्ली लावणार, एवढ्यात मी उठून उभी राहिले. पोरगी शेजारी बसली होती, तिनं माझा पदर ओढला, "बाई, बसा."

"नाही बसत," मी म्हटलं. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. "कपाट उघडायच्या आधी ऐका. मागच्या खेपेला वाळू मी धुतली. ह्या पोरीनं मला तीनदा बजावलं होतं, धुवू नका. मी ऐकलं नाही. तुम्ही सगळे येणार, आमच्याकडं घाण बघणार, ह्या लाजेपोटी धुतली. ह्या पोरांचं वर्ष माझ्यामुळं गेलं आणि ती माझ्यासाठी गप्प बसली. आता आत बाटली काळी असली तरी माझ्या हातची, बरी असली तरी माझ्या हातची. उघडा."

परीक्षक साहेबांनी चष्मा काढून पुसला. सरपंचानं कपाट उघडलं. तलावाची काळी. हौदाची फिकट, भरली होती तशी. साहेबांनी ती उजेडात धरली, मग सरपंचाकडं दिली, सरपंचानं पुढं, आणि बाटली हातोहात मागं सुभेदारांपर्यंत गेली. त्यांनी ती बराच वेळ बघितली, परत दिली आणि काठी टेकत निघून गेले. बरं नाही, वाईट नाही.

पोरं पास झाली. साहेबांनी पोरीला काहीतरी इंग्रजीत म्हटलं, तिचा चेहरा फुलला. मी तिला विचारलं काय म्हणाले, तर म्हणाली, "लहान हौद आवडला त्यांना." चौघं माझ्याकडं जेवली आणि दुपारच्या गाडीनं गेली. जाताना पोरीनं मला वाकून नमस्कार केला. मी तिला उठवून छातीशी धरलं. मला तिला पुष्कळ काही सांगायचं होतं, पण "जपून जा, आणि केस विंचर" एवढंच तोंडातनं निघालं.

पाइप वरच्या आळीला जायला अवकाश होता. तोवर ज्यांना पाणी पाहिजे त्यांनी हौदावर येऊन न्यायचं, असं सरपंचानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी किल्ली घेऊन बसले. आमच्या वस्तीतल्या बायका भरून गेल्या. मग शुकशुकाट. तासभर कुणी नाही. मी मनाशी म्हटलं, बाटली पास झाली, आपण झालो नाही.

तेवढ्यात वरच्या आळीकडनं एकजण येताना दिसली. काखेत तांब्याची कळशी, डोक्यावरनं पदर. सुभेदारांची सून. हौदापाशी येऊन उभी राहिली, इकडं तिकडं बघितलं.

"बाई, नळ तुमीच सोडता न्हवं?"

"मीच. का?"

"मामंजींनी सांगितलंय. म्हनले, बाई सोडत असंल तरच भर. दुसरं कुनी असंल तर मोकळी कळशी घिऊन परत ये. म्हनले, जी बाई गावाम्होरं हुबं ऱ्हाऊन आपली चूक सांगती, ती पान्यात खोट करायची न्हाई."

मी उठले. नळ सोडला. करंगळीएवढी धार, कळशी भरायला वेळ लागला. दोघीही पाण्याकडं बघत उभ्या. कळशी काठोकाठ भरली तेव्हा तिनं पदराची चुंबळ डोक्यावर ठेवली, कळशीच्या एका काठाला धरलं आणि माझ्याकडं बघितलं. लग्न होऊन त्या गावात आले त्याला बारा वर्षं झाली होती. वरच्या आळीच्या एकाही बाईनं भरलेलं भांडं डोक्यावर घेताना मला कधी बोलावलं नव्हतं, आणि मीही कधी पुढं झाले नव्हते.

"बाई," ती म्हणाली, "वाईच उचलू लागा की."

मी दुसऱ्या काठाला धरलं.